फुलपात्र ज्याच्या टेबलावर

अण्णा गेले हे मला कोप्पीकर रोडवर, एका दुकानात केबल निवडताना कळलं. दुकानदाराने सहज सांगितलं. मी केबल घेऊन घरी आलो, जेवलोसुद्धा. रडू आलं नाही. अकरा वर्षं आम्ही बोलत नव्हतो...

देशपांडे नगरात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघं भागीदारीत कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. यंत्राकडून आकडे घेऊन मेमरीतल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात, ठेवणारा ड्रायव्हर अण्णांचा; ते वाचून पडद्यावर आलेख काढणारा प्रोग्राम माझा. बफर दोन होते. एक ड्रायव्हर भरायचा, तोवर दुसरा माझा प्रोग्राम वाचायचा. 'वाचून झालं' असं माझ्याकडून कळल्याशिवाय ड्रायव्हरने त्यात नवं काही लिहायचं नाही, हा अण्णांचाच दंडक. "जेवणाऱ्याचं ताट ओढू नये रे," म्हणायचे. हे थांबणं ज्या फाईलमध्ये लिहिलं होतं, ती दोघांची. तिच्यासाठी एक पितळी फुलपात्र होतं. ते ज्याच्या टेबलावर, त्यानेच फाईलमध्ये लिहायचं. दुसऱ्याने मागायचं आणि वाट बघायची.

तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दाब मोजणाऱ्या यंत्रावर आमचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं. आदल्या संध्याकाळी फुलपात्र माझ्याकडे होतं. दुसऱ्या दिवशी मालकासमोर आलेख वेडावाकडा नाचायला लागला, अर्धे आकडे आताचे, अर्धे मघाचे. चूक कुणाची, मालकाने विचारलं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिनूच्या प्रोग्रामात हाय. बघतो आम्ही."

आठवडाभर मी माझा प्रोग्राम उलटापालटा केला. ती फाईल मात्र उघडलीही नाही. फुलपात्र माझ्याकडे असताना अण्णा तिला हात लावतील, हे मनातसुद्धा आलं नाही. शेवटी मीच काम सोडलं. तारिहाळमध्ये माझं नाव गेलं ते गेलंच. पुढे कुणी असलं काम दिलं नाही. मी दुरुस्तीचं दुकान टाकलं.

तेराव्यानंतर वहिनींनी अण्णांचा कॉम्प्युटर आवरायला मला बोलावलं. त्यात आमच्या त्या फाईलच्या जुन्या प्रती होत्या, तारखांसकट. आकडे जलद दिसावेत म्हणून असेल, तारिहाळला जायच्या आदल्या रात्री अण्णांनी थांबण्याची ओळ काढून टाकली होती. मी काम सोडल्यावर आठ दिवसांनी तीच ओळ गुपचूप परत घातली होती. म्हणजे त्यांना कळलं होतं. घरापासून पंधरा मिनिटांवर मी राहत होतो, आणि हा माणूस एकदाही आला नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडनं चूक झाली खरं, ह्यांनी कधी तुमास्नी नावं ठेवली नाहीत बघा."

आळ माझ्यावर टाकून मोठेपणाही अण्णांनीच घेतला होता. त्या बाईंच्या कोऱ्या कपाळाकडे बघून मला तिथे काही बोलवलं नाही.

अण्णांच्या टेबलावर ते फुलपात्र होतं, पेनांनी भरलेलं. निघताना वहिनींकडून मागून घेतलं. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती वहिनी दर रविवारी वाचतात, मला ठाऊक आहे. पण फुलपात्र आता माझ्या टेबलावर आहे, आणि लिहायची पाळी माझी आहे.