आक्कांचा बिनदाण्याचा उपास

कॅलेंडरातला एखादा चौकोन कोरा दिसला की माझ्या थोरल्या नणंदेला चैन पडत नाही. देवाधर्माचे दिवस कोणीही पाळतं, आमच्या आक्का सरकारचेही पाळतात. सकाळी मोबाईलवर आज अमुक दिन आहे असं ऐकलं की त्या पदर खोचून उभ्या. चिमणी दिनाला त्यांनी अंगणात एवढी कणी टाकली की चिमण्यांच्या आधी शेजारच्या कोंबड्या जेवून गेल्या. हात धुवायच्या दिवशी पाहुण्यांना आधी मोरीत धाडलं, मग रामराम घातला. तंबाखूच्या विरोधातला दिवस आला तेव्हा ह्यांची पुडी लपवली आणि स्वतः ओट्यावर बसून दातांना मिसरी लावत राहिल्या. ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "मिसरी दाताचं औषध आहे. तंबाखू येगळी." त्यांचं म्हणणं एकच, "दिवस म्हणलं की त्याला काहीतरी खायाचं असतंय अन् काहीतरी न्हाई खायाचं. त्याबिगर दिवस कसला?"

नवरा गेल्यावर आक्का पोराला घेऊन कुंभार पिंपळगावला माहेरी आल्या, त्या आमच्यातच राहिल्या. माझी कोमल वर्षाची झाली तरी बसेना, केस भुरे पडले, तेव्हा संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात माझ्यासोबत त्याच आल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासून नाव सांगितलं, फिनाइलकीटोन्युरिया. फार क्वचित सापडणारा आजार. डाळ, दूध, शेंगदाणे यांतलं काहीतरी या लेकराच्या अंगात जिरत नाही, ते साठून मेंदूला बाधतं. म्हणून हे सगळं जन्मभर बंद. साबुदाणा, फळं, भोपळा, मोजून थोडा भात आणि दवाखान्याची पावडर. पथ्य सांभाळलं तर पोर शाळेत जाईल, असं त्या म्हणाल्या. नाही सांभाळलं तर काय, ते मला विचारवलं नाही. आक्कांनी मात्र त्या नावाचा पुढचा तुकडाच धरला. घरी आल्या आल्या फरशी पुसायच्या फिनाईलची बाटली नालीत ओतली आणि दुकानदाराला बजावून आल्या, "ती बाटली आमच्या गल्लीत इकू नको." मी पुष्कळ समजावलं, पण फिनाईल पुन्हा घरात आलं नाही.

हा आजार आई-बाप दोघांकडून येतो, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शेजारच्या बाया लेकराला बघायला आल्या आणि माझ्या माहेरात असं कोणी होतं का म्हणून विचारू लागल्या. मला चारचौघांत आधीच बोलता येत नाही, मी कोमलचं झबलं नीट करत बसले. आक्का चुलीजवळूनच म्हणाल्या, "निम्मं आमच्या घरचं आहे. आमचा वाटा आमी सोडणार न्हाई." भावाकडं कधी गुंठाभर जमीन न मागितलेल्या बाईनं हा वाटा मात्र मागून घेतला.

पथ्यावर कोमल दोन वर्षांनी चालायला लागली. त्यानंतरच्या एका खेपेला दवाखान्याच्या भिंतीवर कागद लावलेला दिसला. जूनच्या शेवटी या आजाराच्या जागृतीचा दिवस असतो म्हणे. आक्कांचा चेहरा उजळला. "याला दिवस बी आहे? मंग त्या दिवशी काय खात्यात?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "काही नाही हो मावशी, लोकांना आजाराबद्दल सांगायचं असतं."

"नुसतं सांगून कोण ऐकतंय," आक्का म्हणाल्या.

त्या जूनला अख्ख्या घराला कोमलचा उपास लागला. सकाळी बिनदुधाचा चहा, दुपारी बिनदाण्याची साबुदाण्याची खिचडी. दाण्याच्या कुटाशिवाय खिचडीचा गोळा होतो. ह्यांनी घास उचलला तर ताट बरोबर उठलं.

"आक्का, ही खिचडी हाय का पतंगाची खळ?"

"पोर रोज खाती. तुला एक दिवस जड झाला?"

ह्यांनी तो गोळा मोडून खाल्ला. थोड्या वेळानं त्यांनी आणखी वाढून घेतली. रोज दुसऱ्याच्या ताटाकडं बघून रडणारी कोमल त्या दिवशी सगळ्यांची ताटं बघत फिरली आणि हसत येऊन आपल्या जागेवर बसली.

कोणत्या देवाचा उपास, म्हणून गल्लीत विचारणं सुरू झालं. आक्का बसवून घेऊन सगळा आजार सांगायच्या, फिनाईलसकट. शेजारच्या म्हातारीनं गुडघ्यासाठी तो उपास धरला. दुसऱ्या वर्षी आणखी दोन घरं वाढली. मग एकदा त्या म्हातारीनंच विचारलं, "याचं उद्यापन कधी गं?"

उपास धरला की कधीतरी तो सोडायचा असतो, पाट मांडून जेवायला घालायचं असतं. सगळ्या गोष्टीला उत्तर असणाऱ्या आक्का त्या दिवशी नुसत्या साबुदाणा निवडत बसल्या. त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.

आता त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे, आक्का त्याच्याकडं असतात. जाताना त्यांनी आमच्या शेतातल्या तुरीची डाळ एका डब्यात भरून माझ्या हातात दिली. "ही खायाची न्हाई. औषध निघंल कधीतरी. निघालं की मला बोलव, उद्यापनाचं वरण मी शिजवीन. पहिला घास तू भरव." एवढं बोलून त्या घाईघाईनं जीपमध्ये बसल्या. जूनमध्ये फोन येतो. तिकडं सुनेला, नातवंडांना उपास घडवतात. "खिचडी चिकटली का?" असं विचारतात. चिकटली म्हटलं की त्यांना बरं वाटतं.

डाळीला टोके होतात, कीड धरते, म्हणून मी दरसाल जुनी काढून नवी भरते. यंदा पत्र्यावर ऊन द्यायला घातली तेव्हा कोमल मदतीला आली. आता ती सहावीत आहे. डाळ पसरून झाल्यावर तिनं आपला तळवा नाकाशी धरला.

"आई, वास चांगला येतोय," म्हणाली, आणि मी न सांगताच हात धुवायला गेली.