एक जूनचा भाऊ

इथे परदेशात, शॉमबर्गच्या लायब्ररीचं दार सकाळी दहाला उघडतं आणि आम्ही दोघं म्हातारे पावणेदहापासून बाहेर उभे असतो. मी यासाठी, की घरात सूनबाईंच्या मीटिंगा चालू होतात आणि माझं तोंड काही बंद राहत नाही. ते यासाठी, की चाळीस वर्षं त्यांनी पावणेदहाला दुकान उघडलंय.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "युवर नेम?"

ते म्हणाले, "नाम."

"हो हो, आमच्यातही नामच म्हणतात. पण काय आहे?"

"नाम."

पाच मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी त्यांनी लायब्ररीचं कार्ड काढून दाखवलं. आडनावच नाम! कोरियन माणूस. त्यांच्या भाषेत नाम म्हणजे दक्षिण, आणि हे गृहस्थ जन्मले उत्तरेला. आता बोला.

नामसाहेबांचं वय ब्याऐंशी. इथे त्यांचं ड्राय क्लिनिंगचं दुकान होतं. पँट आखूड करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पुण्या-नागपूरहून आलेल्या कितीतरी पोरांच्या इंटरव्ह्यूच्या पँटी त्यांनी बेतल्यात, आमच्या मुलाची, अमेयचीसुद्धा. अजूनही खुर्चीवर बसले की आधी चिमटीत धरून पँटची इस्त्री सरळ करतात.

त्यांची कहाणी मी तुकड्या-तुकड्यांनी काढली. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे छान जमतं. देश एकच होता. मधोमध रेघ पडली आणि दोन्ही तुकडे एकमेकांच्या अंगावर धावले. भर थंडीत बाप सात वर्षांच्या या पोराला घेऊन दक्षिणेकडे निघाला. धाकट्याला गोवर आलेला, म्हणून आई त्याला घेऊन मागे राहिली. बाप तिला म्हणाला, तीन दिवसांत येतो. नदी गोठली होती, ती यांनी चालत ओलांडली. पुढच्या साली बाप तापाने गेला. रेघ तिथेच राहिली.

मी एसटीत कंडक्टर होतो. स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकाराव्यात तसं ते हे सगळं सांगतात. आवाज वर नाही, खाली नाही.

"देन?" मी विचारलं.

"देन, पँट्स."

आमच्याकडे भावकी बांधावरून डोकी फोडते. पण संक्रांतीला त्याच बांधावरून बायका हळदीकुंकवाला जातात. यांच्या बांधावरून पंचाहत्तर वर्षांत एक पोस्टकार्ड गेलं नाही.

गेल्या मार्चमधली गोष्ट. ताटातूट झालेल्या घरांची नोंद करणाऱ्या एका संस्थेने अर्ज मागवले होते. उद्या कधी दार किलकिलं झालंच, तर ज्यांची नोंद आहे त्यांचीच नावं पुढे जाणार. शुक्रवार शेवटचा दिवस आणि आम्ही आलो गुरुवारी. कॉलेजला सुट्टी होती म्हणून नातीला, इशिताला, कॉम्प्युटरवर बसवलं. भावाचं नाव, सोंगहो. गाव भरलं. आईचं नाव भरलं. मग आली जन्मतारीख.

नाम म्हणाले, "नाइन्टीन फोर्टी-नाइन."

"अँड मंथ? डेट?"

त्यांनी हात हलवला, माहीत नाही. इशिताने रकाना रिकामा सोडून बटण दाबलं. शेजारी लाल चांदणी उगवली. पुन्हा दाबलं, पुन्हा चांदणी.

"टू टाइम्स पेपर," नाम म्हणाले. "टू टाइम्स कम बॅक." कागदी अर्जही दोनदा याच रिकाम्या रकान्यापायी परत आला होता. ते उठले, पँटची इस्त्री सरळ केली. "फिनिश."

मी म्हटलं, "बसा हो! एक जून लिही गं."

"व्हॉट?" नाम म्हणाले.

मग मी त्यांना आमच्या दिगंबर गुरुजींची गोष्ट सांगितली. शाळेत नाव घालायला आई घेऊन गेली. गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? आई म्हणाली, आमची म्हैस विहिरीत पडली ना, त्या साली. गुरुजी म्हणाले, म्हैस कुठल्या तारखेला पडली? आता ते कोण सांगणार! गुरुजींनी लिहून टाकलं, एक जून. वर्गातली आम्ही एकतीस पोरं, सगळी एक जूनला जन्मलेली.

इशिता म्हणाली, "आजोबा, बट दॅट्स नॉट हिज रिअल बर्थडे!"

"माझा तरी कुठे रिअल आहे? त्याच तारखेवर नोकरी लागली, पेन्शन मिळते, पासपोर्ट निघाला. तू दरवर्षी केक खातेस तो कुठल्या तारखेचा?"

नाम इतका वेळ पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "बफेलो. डाय?"

"छे! दोर लावून काढली. पुढे तीन वेतं झाली तिची."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बार्ली." भाऊ झाला तेव्हा आई आतल्या खोलीत होती. अंगणभर कापलेले जव पसरलेले. आजी म्हणाली, ओरडू नकोस, बाळ झोपलंय. हे त्यांनी दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगावं तसं सांगितलं.

"जव तुमच्याकडे कधी कापतात?"

"जून."

इशिताने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता तारीख टाइप केली. चांदणी गेली. एक लांबलचक नंबर आला, तो तिने छापून दिला. नामनी कागद घडी करून नखाने इस्त्री मारली.

"हॅपी?" मी विचारलं.

थोडा विचार करून ते म्हणाले, "नो. नथिंग." आणि आम्ही दाराकडे निघालो.

मग आला एक जून. उत्तर आलेलं नव्हतं, अजूनही नाही. आमची सून, कादंबरी तिचं नाव, केक घेऊन आली होती. पावणेदहाला बेल वाजली. दारात नाम, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"अहो, माझ्यासाठी कशाला!" म्हणत मी उघडायला घेतलं. आत गडद निळी पँट होती, नवी शिवलेली. पण पाय खाली दुमडलेले नव्हते. कापड तसंच लोंबत होतं.

"नॉट यू," ते म्हणाले. "ब्रदर. बर्थडे."

"मग खाली शिवायची राहिली का?"

"हाउ टॉल, डोन्ट नो."

मी तोंड उघडलं, म्हणणार होतो की टाका काहीतरी अंदाजाने. पण लांबीचं गुरुजी काही सांगून गेले नव्हते. कादंबरीने त्यांना केक दिला. त्यांनी तो सगळा खाल्ला, बशी पुसली, पँट पुन्हा कागदात गुंडाळली आणि घरी घेऊन गेले.