मालकालाच चावणारा कुत्रा

आईच्या आमवातासाठी नाशिक रोडच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा शेजारी सुरगाण्याच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनाही आमवातच. सुजलेली बोटं नाचवत म्हणाल्या, “माझी प्रतिकारशक्ती म्हणजे चावरा कुत्रा, भाऊ. मलाच चावतो. गोळ्यांनी बांधला, तर न्यूमोनिया घुसला. मग डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. त्यात जावेनं ताकदीला गुळवेलीचा काढा पाजला. ताकद कुत्र्याचीच वाढली!”

आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

मावशींना गोळ्या पुन्हा मिळणार का, ते आज ठरणार होतं. मावशी आत गेल्या आणि टाळी वाजवतच बाहेर आल्या. “छाती साफ! गोळ्या चालू!” मग आईला म्हणाल्या, “पुढच्या वेळी डबा आणू नको, बाई. नागलीची भाकर मी थापून आणते.”

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. आईनं मात्र पुढची तारीख त्यांच्याच दिवसाची मागून घेतली.