रिकाम्या टाकीचा वास

"साफ आहे का नाही, एवढंच सांग वैनी. बाकीचं पुराण नंतर लाव."

धाकट्या दिराने काळा चष्मा कपाळावर चढवून ठेवला होता. समोर दोन विटांवर ट्रकची डिझेलची टाकी आडवी पडलेली, आणि तिच्या कडेच्या सांध्याला बोटभर चीर. ट्रकवाला घडीघडी मनगटावरचं घड्याळ बघत होता, जसं काही घड्याळ बघून चीर सांधली जाणार होती. कढत पाण्यात सोडा घालून टाकी तीनदा खळबळून काढली, हे त्याचं सांगणंही तीनदा होऊन गेलं होतं.

वैनी बाह्या मागे सारून खाली बसली. टाकीच्या तोंडाशी नाक नेलं, डोळे मिटले आणि पोट फुगेस्तोवर श्वास ओढला.

काहीच नाही.

"साफ आहे," ती म्हणाली आणि उठली.

दीर वेल्डिंगची गॅस-टॉर्च घ्यायला वळला. वैनीची नजर मात्र टाकीवरून हलेना. कारण पाच दिवसांपूर्वी तिला ताप येऊन गेला होता. ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. सकाळी चुलीवर दूध करपलं ते तिला धूर दिसला तेव्हा कळलं. साबण, रॉकेल, कांदा, सगळं नाकाला एकसारखं झालेलं. आज ना उद्या येईल म्हणून ती गप्प बसली होती. टाकीतून काहीच आलं नाही, पण काहीच तर चुलीवरच्या दुधातूनही आलं नव्हतं.

या दुकानात तिला आणलं होतं सासऱ्यांनी. नवरा आगीला भिणारा. त्याने सुईदोऱ्याचं दुकान टाकलं आणि तिथंसुद्धा देवापुढची काडी शेजाऱ्याकडून ओढून घेतो असं लोक म्हणायचे. म्हातारा मात्र चाळीस वर्षं टाक्या सांधून काळाठिक्कर पडलेला. त्याचं एक म्हणणं होतं: भरली टाकी जळते, रिकामी टाकी उडते. आत चमचाभर तेलाची वाफ राहिली तरी पुरे. पलीकडच्या गल्लीतल्या एका वेल्डरचं छप्पर असंच गेलं होतं, आणि छपराखालचा वेल्डरही.

म्हणून म्हाताऱ्याची रीत ठरलेली. आधी वास घ्यायचा, मग चिरेच्या दोन बोटं खालपर्यंत टाकीत पाणी भरायचं, म्हणजे वाफेला बसायला जागाच उरत नाही. मगच ज्योत लावायची.

एके दिवशी भर दुकानात, पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असताना, म्हातारा टाकीवरून मान वर करून म्हणाला, "माझं नाक गेलं. आजपासून सुनेचं नाक." लोक हसले. एकजण म्हणाला, मामा, आता डोळे कुणाचे घेता? म्हातारा आपला शांतपणे हात पुसत बसला. वैनीला तेव्हा त्याची कीव आली होती. एवढा नावाजलेला कारागीर, आणि चारचौघांत स्वतःचंच उणं काढतो.

तिचं नाक मात्र पक्कं निघालं. डिझेल कोणतं, रॉकेल कोणतं, टाकी कधी रिकामी केली, सगळं सांगायची. अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही, आणि घोटाळा झाला तो तिथेच. नळाची धार करंगळीएवढी. टाकी भरायला तास-दीड तास जायचा. म्हातारा गेल्यावर एखाद्या दिवशी पाणी राहिलं, मग आठवड्यातून दोनदा राहिलं, मग राहूनच गेलं. वैनी साफ म्हणाली ना, मग साफ. रीत कुणी मोडली नाही, ती आपोआप झिजली.

आणि आता ती खोटं बोलली होती. नाक गेलं तर दुकानात आपण कशाला, या एका भीतीपायी.

दिराने चष्मा डोळ्यांवर ओढला. काडी ओढली, टॉर्चच्या तोंडाशी पिवळी ज्योत फडफडली, मग त्याने चावी फिरवून ती निळी, टोकदार केली. टाकी त्याच्यापासून चार पावलांवर होती. आगीपाशी उभ्या माणसाला हाक मारायची नाही, हा दुकानाचा दुसरा नियम. दचकला तर हात कुठे जाईल सांगता येत नाही. त्याने एक पाऊल टाकलं. वैनीने सिलिंडरकडे पाहिलं. त्याने दुसरं टाकलं. ट्रकवाला नेमका त्याच वेळी जवळ सरकला, सांधताना बघायची हौस म्हणून.

वैनी सिलिंडरकडे गेली. पळाली नाही, चालतच गेली, आणि दोन्ही हातांनी गॅसची चावी आवळली.

ज्योत आखडली, फट् करून विझली.

"संपला का?" दीर चष्म्याआडून म्हणाला.

"मी बंद केला."

"का?"

"मला वास येत नाही."

"म्हणजे साफच आहे की."

"कशाचाच येत नाही. ताप आल्यापासून."

दिराने चष्मा काढला.  ट्रकवाल्याला आधी काही उमगलं नाही; उमगलं तेव्हा तो न बोलता रस्त्यापर्यंत मागे गेला.

"परवा जनरेटरची टाकी केली मी," दीर हळू म्हणाला. "तू साफ म्हणालीस."

"हो."

"माझं तोंड तिच्यापासून हातभर होतं, वैनी."

 दीर बाजूच्या एका विटेवर बसला. हातातली टॉर्च त्याने जमिनीवर ठेवली. मग तो बोलला ते फार लागेल असं बोलला. घरात दोन पोरी आहेत, त्यांना काय सांगितलं असतंस, असं. वैनीने ऐकून घेतलं. 

रस्त्यावरून ट्रकवाला म्हणाला, माझं नाक लावून बघू का? दीर म्हणाला, तुझं नाक वीस वर्षं डिझेलातच मुरलंय, तुला तर अत्तरसुद्धा डिझेल वाटेल. त्याचं स्वतःचं नाकही धुराने केव्हाच बधिर झालेलं. तिघांपैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या टाकीत वाफ होती की नव्हती, हे पुढेही कधी कळलं नाही.

वैनीला तेव्हा म्हातारा नीट कळला. तो चारचौघांत बोलला, कारण एकट्या सुनेला सांगितलं असतं तर उद्या पुन्हा झाकता आलं असतं. सगळ्यांनी ऐकलं, की मागे फिरायची वाटच राहत नाही. हसणाऱ्यांना त्याने हसू दिलं आणि धाकट्या पोराचा जीव राखला.

समोरच्या टायरवाल्याकडे तीन-चार माणसं उभी होती. वैनी दाराशी गेली आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजपासून इथं वासावर काम होणार नाही. प्रत्येक टाकीत पाणी भरणार. ज्याला घाई असेल त्याने दुसरीकडे जावं."

टायरवाल्याने विचारलं, वैनी, नाकाला काय झालं?

"गेलं," ती म्हणाली.

दीर विटेवरून उठला नव्हता, तिच्याकडे बघतही नव्हता. पण तिने नळाला पाइप लावला तेव्हा त्याने पायाने टाकी फिरवून चीर वर आणली. ट्रकवाला चाचरत जवळ आला. किती वेळ लागेल, म्हणाला.

"भरेल तेव्हा भरेल. तोवर ती बादली घे आणि हौदातलं पाणी आणून ओत. तुझीच टाकी आहे."

तो बादली घेऊन गेला. वैनी उकिडवी बसली, पाइपचं तोंड टाकीत धरलं आणि चिरेवर नजर ठेवून पाणी चढायची वाट बघू लागली.