शेवटची चकती

"सलीम गया रे भाऊ," असा साक्रीहून आमच्या वर्गातल्या प्रकाशचा फोन आला, तेव्हा मी पाचोऱ्यात माझ्या पंपांच्या दुकानात चहा पीत होतो आणि जीभ डाव्या दाढेवर होती. मी म्हणालो, "कोठे गया? उद्या दाढेसाठी मनी वेळ शे ना त्यानाकडे." मग प्रकाश रडला... रविवारची सकाळ होती. फिरायला निघालेला धडधाकट माणूस दारात चप्पल घालायला वाकला आणि तसाच राहिला. महिना उलटला. खोटं पचवायची मला सवय आहे, कारण गावातलं निम्मं मीच पिकवतो. पण हे खरं अजून घशाखाली उतरत नाही.

डॉ. सलीम जळगावात दातांचा डॉक्टर होता, पण माझ्यासाठी तो धुळ्यातल्या आमच्या गल्लीतला सलीम. त्याचे वडील, आमचे चाचा, लाकडी कपाटांना पॉलिश करायचे. त्यांच्या टेबलावर बसलेली माशी घसरत थेट पारोळ्याला पोचते, हे मी शाळेत शपथेवर सांगत असे. चाचांचा नियम एकच. आधी जाड पॉलिश कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. मधला नंबर गाळायचा नाही. गाळला तर खालचे ओरखडे राहतात आणि उजेड पडला की चुगली करतात. सलीमनं लाकूड सोडलं, नियम सोडला नाही. दाताच्या रंगाचं सिमेंट तो चटकन भरायचा, पण घासायला बसला की पेशंटची दाढी वाढायची. शर्टाच्या बटणाएवढ्या चकत्या, खरखरीतपासून मऊपर्यंत, वरून पाण्याचा फवारा, हात असा हलका की झोप यावी. खडबडीत राहिलं की चहा, हळद, तंबाखू सगळे तिथं बिऱ्हाड करतात, म्हणायचा. शेवटी आरसा द्यायचा नाही. "जीभ फिराव," म्हणायचा. "भरेल जागा जीभले सापडनी, तं मी काय करं?" भरलेलं जिभेला कळलं तर काम फसलं, असा त्याचा हिशेब.

एकदा एका वऱ्हाडी पाहुण्याला मी सांगितलं की, सलीमनं घासलेल्या दातावर शेवभाजीचा रस्सा टिकत नाही, सरळ पोटात जातो. पाहुणा खरंच दात दाखवायला आला. सलीमनं त्याला भरपूर वेळ दिला आणि मला भरपूर शिव्या.

तो गेला त्याच्या आधीच्या गुरुवारी माझी दाढ भरून झाली होती. पहिली, खरखरीत चकती फिरली आणि लाईट गेली. इन्व्हर्टरनंही मान टाकली. मी म्हणालो, असू दे, मला चालेल. तो म्हणाला, "तुले चाली, माले नही चालत. सोमवारले ये. तोवर तोंड बंद ठेव." जन्मभर मला कधी न जमलेलं काम तो मला सांगत होता. जिना उतरताना आम्ही दोघंही हसत होतो... बस, एवढंच.

ती खरखर मग माझ्याकडेच राहिली. बोलताना, जेवताना जीभ तिथं जायची. सलीमचा हात तिथं थांबला होता, अगदी त्या जागी. जीभ सोलली, फोड आला, बायको चिडली, तरी मी कोणाकडे गेलो नाही. शेवटी त्याच्या मुलीचा, निलोफरचा फोन आला. तीही दातांचीच डॉक्टर. आता दवाखाना तीच बघते. म्हणाली, "काका, अब्बा शनिवारी जेवताना बोलले होते, तुमचं पॉलिश राहिलंय. त्यांचं अर्धं काम तुमच्या तोंडात फिरतंय, आणि तुम्ही तोंड किती उघडता ते अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे."

गेलो. तीच खुर्ची, फवाऱ्याचं तेच थंड पाणी. दोन चकत्या झाल्यावर मी हात वर केला आणि म्हणालो, झालं, काचेसारखं झालं. थोडी खरखर अजून होती. ती मला हवी होती. निलोफरनं जीभ फिरवायलाही सांगितलं नाही. बारीक सळईचं टोक दाढेवरून हळूच ओढलं, ते एका जागी अडलं. "काका," ती म्हणाली, "तुमच्या सांगण्यावर थांबायचं नाही, हे अब्बांनी मला सगळ्यात आधी शिकवलं." तिचे डोळे भरले होते. तिनं पुढची चकती लावली. मग शेवटची, सगळ्यात मऊ. मी डोळे मिटून घेतले.

"आता फिरवा जीभ."

फिरवली. नुसती मान हलवली.

दुकानात चहा पिताना जीभ अजून सवयीनं डाव्या दाढेकडे जाते. इकडून तिकडे फिरते, पुन्हा फिरते, त्याला शोधत राहते... आणि काहीच लागत नाही.