अर्ध्या क्लचवरचा मामा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत प्रेसमध्ये उभी होते. हातात पत्रकाचं प्रूफ होतं. 'डीजेचा आवाज कमी करा' हा मथळा अजून मोठा करा, म्हणून मी प्रेसवाल्यांशी भांडत होते. फोन मामीचा होता. ती रडत नव्हती. "अगं, हे उठंनात," एवढंच म्हणाली. मी म्हणाले, हलव ना त्यांना. "हलवलं... चहाबी गार झाला." मी तशीच निघाले. मामाच्या गावी, अंथुर्ण्यात उतरले तेव्हा प्रूफ अजून मुठीतच होतं, घामानं ओलं झालेलं.

अंगणात माणसं जमली होती. गोठ्याच्या कडेला सोपानराव उभे राहून फोनवर बोलत होते. त्यांचं रान मामाच्या रानाला लागून. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोराचा परण्या होता, म्हणजे लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो ती मिरवणूक, आणि त्यासाठी मामाची उघडी गाडी ठरलेली होती. आता सुतकातल्या घरची गाडी लग्नकार्याला चालत नाही. सोपानराव म्हणत होते, "व्हय, इंदापूरची चालंल की. उद्या चारला लावून दे." फोन ठेवला आणि तोंड पाडून माणसांत आले. मामाला जाऊन तीन तास झाले नव्हते आणि दुसरी गाडी मिळाली होती. हेच सोपानराव महिन्याभरापूर्वी याच अंगणात मामाला म्हणाले होते, "तात्या, तुमच्या गाडीबिगर आमचं कार्य पार पडायचं न्हाय." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. कोण चोर, कोण गुन्हेगार, हे मी चार ओळींत ठरवते. मामाबद्दल तसं लिहायला बसले आणि आठवडे गेले तरी जमेना. लिहिताना दर वेळी गुन्हेगारांच्या यादीत माझं नाव येतं.

दत्तूमामा कारखान्यात फिटर होता. रिटायर होण्याच्या जरा आधी त्याला पुण्याच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमागं दोन सीटची एक स्पोर्ट्स कार सापडली. फायबरची बॉडी, लाल रंग, बसलं की ढुंगण रस्त्याला टेकतंय की काय असं वाटावं इतकी बुटकी. कोंबड्या त्यात अंडी घालत होत्या. दोन वर्षं मामा रोज ड्युटीवरून आला की तिच्याखाली शिरायचा. इंजिन त्यानं उतरवलं, भरलं, पुन्हा उतरवलं. गाडी चालू झाली त्या दिवशी सगळा गाव बघायला आला आणि सगळ्या गावानं एकच प्रश्न विचारला, "ह्यात बसायचं कुणी?" तिला 'साबणाची वडी' हे नाव पडलं. हलकी तर इतकी की एकदा पोळ्याला पोरांनी चौघांत उचलून ती चावडीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली. मामा आला, बघितलं, कट्ट्यावर चढला, गाडीत बसला आणि म्हणाला, "आता चहा हितंच आणा." तासभर तो कट्ट्यावर गाडीत बसून राहिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हॉर्न देत होता.

मी गाडी शिकले ती त्या वडीवर. कालव्याच्या कडेनं कळंबच्या बाजूला एक सरळ रस्ता जातो, दोन्हीकडं ऊस. मामा शेजारी बसायचा आणि मी घाबरून क्लचवर पाय आखडला की ओरडायचा, "आता सोड! सोड की!" त्या रस्त्यावर मामाचा चेहरा वेगळाच व्हायचा. घरात, कारखान्यात, भावकीत तो कुणाच्या ना कुणाच्या अध्येमध्ये उभा असायचा, याला समजाव, त्याला आवर. त्या गाडीत मात्र त्याच्याशिवाय एकच माणूस बसू शकायचा. कुणी लिफ्ट मागितली, कुणी दुधाचे कॅन न्या म्हटलं, कुणी पाहुण्याला स्टँडवर सोडा म्हटलं, तर मामा आनंदानं हात पसरून दाखवायचा. जागाच न्हाय! 'नाही' हा शब्द मामाला उभ्या जन्मात कधी उच्चारता आला नाही. ते काम त्याच्या वतीनं ती गाडी करत होती. हे मला फार उशिरा कळलं.

मग मामीचे गुडघे गेले. तेवढ्या खाली बसायचं आणि तिथून उठायचं तिला जमेना. एकदा दवाखान्यासमोर तिला गाडीतून काढायला दोन माणसं लागली आणि बघणारे हसले. मामी पुन्हा त्या गाडीत बसली नाही. मामानं सहा महिने एकट्यानं गाडी फिरवली आणि एक दिवस म्हणाला, "एकट्यानं काय वारा खायचा?" पुण्याच्या एका हौशी माणसानं वडी नेली. तिच्या जागी जुनी, परदेशी, चार सीटची गाडी आली. बटण दाबलं की कापडी छत घडी होऊन मागं डिकीत जायचं. सीट उंच, दार रुंद, डिकीत मामीच्या दोन पिशव्या बसायच्या. सगळ्यांनी मान डोलावली. आता कशी कामाची गाडी आली! मीही म्हणाले होते, मामा, हे शहाणपणाचं केलंस. पहिले दोन महिने ते दोघं रोज संध्याकाळी कालव्याच्या रस्त्यानं जायचे. मामी मागं बसायची, पुढं नाही. मागं पाय पसरता येतात म्हणायची. पदर डोक्यावरून उडायचा तो दातांत धरून बसायची.

मग शाळेतल्या शिपायाच्या पोराचं लग्न ठरलं. घर साधं. ते बिचारे चाचरत आले. छत उघडतं, नवरदेव मागच्या सीटच्या पाठीवर बसंल, करवली शेजारी, नारळ धरणारा भाऊ पुढं... काय भाडं होईल ते सांगा. मामाला भाडं हा शब्द लागला. "मी काय गाडी लावलीय का भाड्यानं? माझ्या गाडीत नवरदेव बसतोय, मान हाय तो." त्यांनी मग नारळ, टॉवेल आणि टोपी आणून दिली. मामानं नारळ कपाळाला लावला.

चूक इथं झाली. पैसे घेतले असते तर दर ठरला असता, तारीख रिकामी नाही म्हणता आलं असतं, गाडी गॅरेजला आहे म्हणता आलं असतं. पण मान एकाला दिला की दुसऱ्याला नाकारता येत नाही. त्यांच्या भावकीला दिली, मग आमच्या भावकीला का न्हाय? शिपायाला दिली, आमी काय त्याच्याहून खाली? एका लग्नसराईत कोनाड्यात नारळ मावेनात. मामी रोज नारळाची चटणी करायची. टॉवेल इतके झाले की म्हशी पुसायला नवे कोरे टॉवेल. पुढं नुसती लग्नं राहिली नाहीत. कुणी निवडून आला की मिरवणूक, कुणाचा वाढदिवस, कुणी सैन्यातून रिटायर होऊन आला. गाडी परदेशी, क्लच नाजूक, दुसऱ्याच्या हातात कशी द्यायची? म्हणून चालवायला मामाच.

तुम्ही ती मिरवणूक बघितली असेल. गाडीवर नवरदेव दिसतो, फुलं दिसतात, नाचणारी पोरं दिसतात. गाडी चालवणारा कुणाला दिसत नाही. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर छत नाही, पुढं डीजेचा ट्रॉलीभर आवाज, आणि पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, वीतवीत पुढं सरकणारा माझा मामा. अर्ध्या किलोमीटरला तीन तास. नाचणारे थांबले की थांबायचं, सरकले की सरकायचं. क्लच प्लेटी दोनदा जळाल्या. मामाचा डावा गुडघा सुजला, तो लंगडायला लागला. जिना चढतानाही डावा पाय अर्धा दाबून धरल्यासारखा टाकायचा.

मी चिडले होते. "मामा, नाही म्हण. दोन अक्षरं आहेत!"

"तुला सोपं हाय बाय," तो म्हणाला. "तू तिकडं बारामतीला जळोचीत ऱ्हातीस. तुझ्या समोरच्या फ्लॅटवाल्याचं नाव काय?"

मला आठवेना.

"हां," मामा म्हणाला. "मला हितं सगळ्यांची नावं पाठ हायत. त्यांच्या बैलांचीबी."

मामीला मात्र राहवत नव्हतं. ती चुलीपाशी बसून बोलायची, भिंतीला ऐकवल्यासारखी. "माझ्यासाठी गाडी घेतली म्हणत्यात. मला बसून दीड वरीस झालं. मागं कायम दुसऱ्याच्या लेकीसुना. पाकळ्या झाडून झाडून माझी कंबर गेली." मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. एकदाच म्हणाला, "ह्या सराईनंतर आपुन जाऊ. उजनीच्या पाण्यापर्यंत." सराई संपली की पाऊस, पाऊस संपला की मिरवणुका.

आता माझं सांगते. गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहिमेची फेरी होती, डीजेच्या आवाजाविरुद्ध, सहा गावांतून. मला उघडी गाडी पाहिजे होती. लोकांना आम्ही दिसायला हवं होतो. डॉक्टरांनी मामाला तेव्हा नुकतंच सांगितलं होतं की दगदग नको, मोठा आवाज नको. मला ते माहीत होतं. तरी मी गेले. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोंगा लावणार?"

"छोटा."

 मामानं खुंटीवरची चावी काढली. "चल. तुझं तर चांगलं काम हाय." कळंबात मी भोंग्यावरून आवाजाच्या दुष्परिणामांवर बोलत असताना चहाच्या टपरीवरून एक जण ओरडला, "ताई, आधी तुमचा भोंगा कमी करा की!" सगळी टपरी हसली. सगळ्यात मोठ्यानं हसला मामा. मी त्याच्यावर खेकसले, मोहिमेची चेष्टा काय लावलीय? तो पुढं बघून गाडी हळूहळू सरकवत राहिला... पहिल्या गिअरमध्ये. त्या दिवशीच्या फोटोत आम्ही सगळे दिसतो. मुठी वर, फलक वर. मामा फलकामागं झाकला गेलाय, स्टिअरिंगवरचे हात तेवढे दिसतात.

डीजेनं मामाला मारलं असं मी लिहिणार नाही. याहून कमी पुराव्यावर मी पत्रकं काढलेली आहेत, पण इथं नाही. त्याचं हृदय आधीच अशक्त होतं. पण तो माणूस त्याच्या आवडत्या गाडीत अडकून म्हातारा झाला आणि आम्ही सगळे मागच्या सीटवर बसून हात हलवत होतो, एवढं मला माहीत आहे.

सुतकाच्या दिवसांत गाडीकडं कुणी फिरकलं नाही. तेरावा झाला आणि तिसऱ्या दिवशी सोपानराव आले. आता पुतण्याचा परण्या होता. हातात नारळाची पिशवी. मामीला म्हणाले, "वहिनी, तात्या असते तर मला तोंड उघडायची पाळी आली नसती." मग माझ्याकडं वळले, "ताईला येती की चालवायला. तात्यांनीच शिकवलीय न्हवं?"

मामी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "नाही. गाडी आता कुणालाच मिळणार नाही."

मला वाटलं होतं आता काहीतरी होईल, आवाज चढेल, तात्यांचं नाव निघेल. सोपानराव म्हणाले, "बरं." चहा घेतला, पावसाची चौकशी केली, पिशवी उचलली आणि गेले.

मामी दारात उभी होती. "एवढंच हुतं व्हय गं?" ती म्हणाली. "एवढंच?"

एवढंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्या लग्नाची पत्रिका गल्लीत घरोघर वाटली गेली आणि मामीच्या घरावरून तशीच पुढं गेली. हळदीला बोलावणं नाही. सोपानरावांची बायको नळावर मामीशी बोलायची बंद झाली. मी तेव्हा जळोचीत होते, माझ्या फ्लॅटमध्ये, समोर कोण राहतं ते अजूनही न विचारता. मला हे मामीनं सांगितलं नाही, फोनवर दुसऱ्याकडून कळलं. मी पळत गेले. तोंडात माफी तयार होती. मामा कशाला भीत होता, ते मला पहिल्यांदा धड समजलं होतं.

मामी शेडमध्ये होती. गाडीचं छत उघडं, आणि ती मागच्या सीटवर पाय पसरून बसलेली. भरदुपारची. मी बोलायला लागले तर म्हणाली, "पुरं. काढ गाडी."

मी पुढं बसले. सीट मागं सरकलेली, माझे पाय पोचेनात. दांडा ओढला, हलेना. इतकी वर्षं दुसरं कुणी बसलंच नव्हतं, सीट मामाच्या मापावर गंजून बसलेली. मग पाठीमागं उशी घेतली आणि पाय ताणून क्लच दाबला. लग्नाच्या मांडवाला वळसा घालून आम्ही गावाबाहेर पडलो. मांडवातल्या बायका बघत होत्या. मामीनं कुणाकडं बघितलं नाही आणि मानही खाली घातली नाही. कालव्याच्या रस्त्याला लागलो. तिचा गुडघा दुखेल, खड्डे आहेत, म्हणून मी जपून चालवत होते.

मागून मामीचा आवाज आला. पदर दातांत होता, म्हणून शब्द अर्धवट फुटत होते, पण मला नीट ऐकू आलं.

"हळू नगं चालवू. लई वर्सं हळू चालवली त्यांनी."