काचेवरचा ठसा

दिवाळीच्या आवराआवरीत मी बाल्कनीची मोठी काच वर्तमानपत्राने घासून इतकी लख्ख केली, की समोरचा गुलमोहोर तिच्यात जसाच्या तसा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तिच्यावर काहीतरी थाडकन आपटलं. बाहेर जाऊन पाहिलं, तर कुंड्यांपाशी थिरथिरा पडला होता. चिमणीएवढा, विटकरी पोटाचा, सारखी शेपटी थरथरवणारा हा पक्षी दर हिवाळ्यात हिमालयाकडून आमच्याकडे येतो. आता ती शेपटी हलत नव्हती.

एवढे डोंगर ओलांडून आलेला जीव, त्याला काचेत झाडच दिसलं असणार. पूर्वी इथे अंगणं होती. कोपऱ्यात पाला साचायचा आणि त्यातले किडे टिपायला हे पाहुणे उतरायचे, सकाळभर कुंपणावर बसून बारीक आवाजात गायचे. आता सोसायटीत पाला दिसला की आम्ही तक्रार करतो, किडा दिसला की औषध मारतो. आणि म्हणतो, घर कसं छान आवरलंय.

काचेवर पंखांचा धुरकट ठसा उमटला होता. मी फडकं आणलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. तो बघून दुसरा तरी वळेल." मग रांगोळीला काढतात तसे चुन्याचे ठिपके त्यांनी काचभर काढले. फराळाला आलेल्या प्रत्येकाने विचारलं, काच अशी का?

थंडी सरत आली. ठिपके अजून तसेच आहेत. ते बघून वळायला दुसरा काही आला नाही.